स्पेस इनव्हेडर्सचे बरेच अवतार खेळून बघितले, कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा

स्पेस इनव्हेडर्स, म्हणजे वरून रांगेने खाली येणाऱ्या परग्रहवासीयांना खालून गोळ्या मारायचा तो जुना व्हिडिओ गेम, आज खेळायचा म्हटलं तर आधी कुठला खेळायचा यातच अर्धा तास जातो. एक्स्ट्रीम आहे, फॉरेव्हर आहे, इन्व्हिन्सिबल कलेक्शन आहे, इन्फिनिटी जीन आहे, गेम झोनमधलं ते अवाढव्य फ्रेन्झी आहे, आणि नाव थोडंसं इकडेतिकडे करून फोनवर टाकलेल्या फुकट नकला तर मोजायलाच नकोत. सगळ्यांच्या चित्रावर तोच चौकोनी खेकडा. आत मात्र एकेकाचा खेळ इतका वेगळा की कव्हर बघून घेतलं तर हमखास फसाल. मी यातले बरेच खेळलोय, काही विकत घेऊन, काही मित्रांच्या कन्सोलवर, काही इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर), आणि आता मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारतो: एका वेळी गोळ्या किती मारता येतात?

हसू नका, यावर सगळं अवलंबून आहे.

मूळ गेममध्ये उत्तर आहे एक. तुमची एक गोळी स्क्रीनवर आहे तोपर्यंत बटण कितीही बडवा, दुसरी निघत नाही. नेम चुकला की ती गोळी आरामात वरपर्यंत जाणार, तिथे फुटणार आणि तोपर्यंत तुम्ही खाली हात चोळत बसणार, वरून त्यांच्या मात्र एका वेळी तीन-तीन पडू शकतात. त्यामुळे प्रत्येक गोळी मारायच्या आधी क्षणभर विचार करावा लागतो, आणि यातली खरी गंमत अशी की शत्रू जितका खाली येतो तितकी तुमची गोळी लवकर लागते, म्हणजे लवकर मोकळी होते, म्हणजे तुमचा फायरिंगचा वेग आपोआप वाढतो. जीव धोक्यात आणि हात सुटलेला, दोन्ही एकदमच. हा हिशेब कुणी बसून केला की आपसूक जमला देव जाणे, पण यापेक्षा सुंदर डिझाइन मी फार कमी गेम्समध्ये बघितलंय.

हा गेम तैतो कंपनीचा, १९७८ चा, आणि बनवला एकट्या तोमोहिरो निशिकादो यांनी. एकट्याने म्हणजे खरंच एकट्याने, डिझाइन, चित्रं, प्रोग्रॅम, आणि ज्या हार्डवेअरवर तो बनवायचा तेसुद्धा स्वतःच जुळवलं, सगळं मिळून साधारण वर्षभर. मेंदू म्हणून आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर. चेंडूने विटा फोडायचा अटारीचा ब्रेकआउट तेव्हा जोरात होता, त्यावरून मूळ कल्पना आली, फक्त इथे विटा चालतात आणि उलट मारतात. आधी रणगाडे, विमानं असं काय काय लक्ष्य म्हणून ठेवून बघितलं, माणसंही ठेवून बघितली, पण माणसांवर गोळ्या झाडायला कंपनी तयार होईना. म्हणून मग परग्रहवासी, एक ऑक्टोपससारखा, एक खेकड्यासारखा, एक स्क्विडसारखा. १०, २० आणि ३० पॉइंट. म्हणजे अख्खी फौज मासळीबाजारातली.

आता वेगाचं. ५ ओळी, प्रत्येकीत ११, एकूण ५५. मशीन एका फ्रेमला त्यातला फक्त एकच जण पुढे सरकवतं, आणि फ्रेम सेकंदाला साधारण ६०. म्हणजे ५५ जण असतील तर सगळी फौज एक पाऊल टाकायला जवळजवळ सेकंद घेते, निम्मे मेले की अर्धा सेकंद, आणि शेवटचा एकटा उरला की तो दर फ्रेमला पळतो, अक्षरशः सैरावैरा. हे काही ठरवून केलेलं नव्हतं, हार्डवेअरची कुवतच तेवढी होती, पण निशिकादोंना ते आवडलं आणि त्यांनी ठेवलं. बरोबर ते चार खर्जातले सूर, धम धम धम धम, ते पण तसेच चढत जातात. तुम्ही जिंकत चाललात तसा गेम अवघड होत जातो! आजचे डिझायनर यासाठी किती डोकेफोड करतात. आणखी एक बारीक खोड, तो शेवटचा उजवीकडे जाताना डावीकडे येतानापेक्षा जास्त जोरात पळतो, त्यामुळे तो डावीकडे येत असताना टिपावा, हे कुणी सांगत नाही, मी सांगतोय.

युक्त्या पण आहेत. वरून जाणाऱ्या लाल तबकडीचे पॉइंट ५० ते ३०० असे नशिबावर वाटतात, पण नशीबबिशीब काही नसतं, तुम्ही किती गोळ्या मारल्या त्यावर ते ठरतं. त्या राऊंडची २३वी गोळी तबकडीला लागली तर ३००, आणि पुढे दर १५व्या गोळीला परत ३००. मनात मोजत खेळणारे लोक असतात, माझ्याने नाही होत, मी सात-आठच्या पुढे गेलो की विसरतो. दुसरी युक्ती जपानात ‘नागोया’ म्हणून प्रसिद्ध आहे. फौज अगदी शेवटच्या ओळीपर्यंत खाली येऊ द्यायची, तिथे पोचली की त्यांच्या गोळ्या तुम्हाला लागतच नाहीत, मग निवांत एकेक झोडायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण अजून एक पाऊल खाली सरकले की खेळ खलास, लाइफ कितीही शिल्लक असोत.

ज्या मशीनवर हे चालायचं ते पण बघण्यासारखं होतं. स्क्रीन काळी-पांढरी, रंग दिसायचे ते वर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे, म्हणून तबकडी लाल आणि खालच्या, आडोशाला लपायच्या ढाली हिरव्या. उभ्या मशीनमध्ये आरसा लावून मागे चंद्राचं चित्र आणि त्यावर तरंगणारी फौज असा थाट होता. जपानात कॅफेंमध्ये टेबलाच्या काचेखाली स्क्रीन बसवलेली मॉडेलं होती, आणि नुसती हीच मशीनं मांडलेली ‘इनव्हेडर हाउस’ निघाली. या गेमपायी जपानात १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, ती दंतकथा आहे, कृपया परत फॉरवर्ड करू नका.

आपल्याकडे हे मूळ मशीन बघितलेले लोक मला फार भेटले नाहीत. आपली पिढी नव्वदच्या दशकातल्या टीव्ही गेमवर वाढली, त्या पिवळ्या-निळ्या कॅसेट, ज्यांच्यावर लाखात आकडा लिहिलेला आणि आत तेच दहा-बारा गेम उलटसुलट करून भरलेले. त्यात मारिओ आणि कॉन्ट्राच्या जोडीला असायचे ते गॅलॅक्सियन आणि गॅलागा. त्यामुळे बरेच जण स्पेस इनव्हेडर्स म्हणून जे आठवतात ते खरं तर नाम्को कंपनीचं असतं. गॅलॅक्सियन १९७९ चा, तिथे किडे रांग सोडून थेट अंगावर झेपावतात, पण गोळी अजून एकच. गॅलागा १९८१ चा, गोळ्या दोन. आणि तिथला तो बॉस निळा झोत टाकून तुमचं विमान पळवून नेतो, ते सोडवून आणलं की दोन विमानं शेजारी शेजारी, म्हणजे मारा दुप्पट, पण लागायची जागा पण दुप्पट. एकाच गोळीचा नियम मोडायचा तर असा मोडावा, बदल्यात काहीतरी वसूल करून. आज कुणी मला विचारलं की या सगळ्या कुळातला एकच ठेवायचा तर कुठला, तर मी गॅलागा म्हणेन आणि त्यावर वाद घालायलाही तयार आहे. पण आज विषय तो नाही.

तर परत स्पेस इनव्हेडर्सकडे. घरी खेळायचं पहिलं गाजलेलं रूप म्हणजे अटारी २६०० वरचं, १९८०. आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा गेम रीतसर लायसन्स घेऊन घरच्या कन्सोलवर आणायची ही पहिलीच वेळ, आणि याच्यासाठी लोकांनी अटारी विकत घेतले. रिक मॉरर नावाच्या प्रोग्रॅमरचं काम. दिसायला मूळ गेमच्या जवळपासही नाही, ५५ ऐवजी ३६ जण, ढाली चारऐवजी तीन, पण तो धडधडणारा ठेका बरोब्बर पकडलाय. आणि ११२ प्रकार! हलणाऱ्या ढाली, नागमोडी गोळ्या, न दिसणारी फौज, दोघांनी मिळून खेळायचं, काय वाट्टेल ते. ११२ पैकी निम्म्याहून जास्त सटरफटर आहेत हे खरं, पण अदृश्य फौजेचा प्रकार एकदा खेळाच. इम्युलेटरवर लावलात तर हेही करून बघा, रिसेट दाबून ठेवून चालू केला की एका वेळी दोन गोळ्या मारता येतात. दोन मिनिटं धमाल वाटते आणि मग लक्षात येतं की गेमचा जीवच गेला. माझं गोळ्यांचं म्हणणं पटत नसेल तर हे करून बघा, फुकटात पटेल.

तैतोचा स्वतःचा पार्ट टू १९७९ चा. रंगीत, काही जण गोळी लागली की एकाचे दोन होतात, तबकडी मध्येच येऊन कुमक सोडून जाते. चांगला आहे, पण मूळ पाठ झाला असेल त्यांच्यासाठी. नवख्याने याच्यापासून सुरुवात करू नये.

मधली दहा-पंधरा वर्षं मी भराभर उरकतो कारण तिथे फारसं काही नाही. १९९० चा मॅजेस्टिक ट्वेल्व्ह, बाहेरच्या देशांत सुपर स्पेस इनव्हेडर्स ९१ नावाने आला, त्यात पॉवरअप वगैरे आले आणि गेम दहा इतर गेम्ससारखा झाला, पण त्याच्यातला एक बोनस राऊंड अफलातून आहे, तबकड्या गाई उचलून न्यायला येतात आणि तुम्ही त्या वाचवायच्या. डीएक्स म्हणून एक आहे, त्यात एक विनोदी मोड, शत्रूंच्या जागी तैतोच्याच इतर गेममधली पात्रं, पाच मिनिटं हसू येतं. ९५ चा अजूनच बालिश, रंगीबेरंगी, मला सोसला नाही.

१९९९ चा अॅक्टिव्हिजनवाला थ्रीडी आवृत्ती म्हणून आला, प्लेस्टेशन, निन्टेंडो ६४, पीसी. त्या वेळी सगळ्यांना सगळं थ्रीडी करायची हौस होती तशीच ही. ग्रहामागून ग्रह, प्रत्येक ठिकाणी वेगळे शत्रू, शेवटी बॉस. लोक याला शिव्या घालतात पण मला वाटतं इतका वाईट नाहीये, निदान रांगेने खाली यायची मूळ चाल सोडली नाही. वाईट कुठे आहे सांगू का, त्या चकचकीत चित्रांमध्ये कुणाची गोळी कुठली ते पटकन कळत नाही. मूळ गेमला ही अडचण कधीच आली नाही, काळ्यावर पांढरं, विषय संपला.

आता एक्स्ट्रीम. याच्यावर जरा थांबतो कारण माझ्या मते रिमेक कसा करावा याचं हे उदाहरण आहे. २००८ मध्ये, गेमला ३० वर्षं झाली तेव्हा, निन्टेंडो डीएस आणि पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलवर आला, नंतर इतरत्र, आणि २०१८ पासून स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानातही आहे. इथे एक गोळी वगैरे नियम सरळ फेकून दिलाय, बटण दाबून ठेवा, सटासट मारत राहा. मग माझ्या हिशेबाने हा नापास व्हायला पाहिजे ना? पण नाही होत, कारण त्यांनी तो नियम काढला आणि रिकाम्या जागेवर दुसरा ताण आणून बसवला. एकाच रंगाचे सलग चार उडवले की त्या रंगाचं हत्यार मिळतं, लाल म्हणजे बॉम्ब, निळा म्हणजे लेझर, हिरवा म्हणजे रुंद मारा. साखळी मध्ये तुटली की गेलं. म्हणजे गोळ्या भरपूर आहेत पण चुकीच्या माणसाला मारणं परवडत नाही, परत तोच विचार करत मारायचा खेळ. रंग नीट जुळवत गेलात की चमकणारी तबकडी येते, ती पाडली की छोटासा बोनस राऊंड, तो जमला की फीव्हर, तेव्हा पॉइंटांचा नुसता पाऊस. आणि सगळं संगीताच्या तालावर, तुमच्या गोळ्यांचे, स्फोटांचे आवाज मागच्या टेक्नो ठेक्यात मिसळतात, हेडफोन लावून रात्री खेळलात तर झोपेचं खोबरं नक्की. ते जुने चार सूर वाढत जायचे ना, तीच कल्पना, तीस वर्षांनी नाइटक्लबमध्ये गेलेली.

तक्रार एकच, मागची चित्रं अंगावर येतात. इतकी हलती, रंगीत की काही लेव्हलमध्ये शत्रूची गोळी त्यात हरवून जाते. ज्यांना लुकलुकत्या लाइटचा त्रास होतो त्यांनी जपूनच. डीएस कुणाकडे शिल्लक असेल तर जपानात त्याच्यासाठी गोल फिरवायचं पॅडल मिळायचं, मूळ अर्कनॉइड या तैतोच्याच चेंडू-पट्टीच्या गेमसाठी केलेलं पण यातही चालतं, ते हाताला लागलं तर सोडू नका. एक्स्ट्रीम टू २००९ चा, फक्त डीएसवर. त्यात नियम अजून वाढवलेत, आधी पहिला खेळा.

इन्फिनिटी जीन हा दुसरा टोकाचा प्रकार. आधी जपानी मोबाइलवर २००८ मध्ये, मग आयफोन, मग कन्सोल. सुरू होतो अगदी मूळ गेमसारखा, काळी स्क्रीन, तीच रांग, तीच डावी-उजवी हालचाल. मग हळूहळू उत्क्रांती म्हणत एकेक गोष्ट उघडते, वरखाली जाता येतं, नवी हत्यारं येतात, आणि तासाभरात तुम्ही रेषारेषांच्या अवकाशात पूर्ण वेगळाच शूटर खेळत असता. टच स्क्रीनवर गोळ्या आपोआप सुटतात, तुम्ही फक्त बोटाने विमान ओढायचं. म्हणजे गोळी हा विषयच संपवला, उरलं ते चुकवणं. फोनसाठी हे एकदम शहाणपणाचं आहे कारण काचेवर बटण दाबण्यात काही मजा नसते हो, ते मूळ गेम जसाच्या तसा फोनवर खेळायला लावणारे जे लोक आहेत त्यांनी स्वतः खेळून बघितलंय का असा प्रश्न पडतो. आयफोनवर तुमच्या स्वतःच्या गाण्यांवरून लेव्हल बनवायची सोय होती, मी जुनी भावगीतं लावून बघितली, संथ गाण्याला पण शत्रू येतातच. इव्हॉल्व्ह नावाने याची नवी आवृत्ती २०२५ मध्ये अॅपल आर्केडवर आली आहे, सबस्क्रिप्शन असेल तर बघायला हरकत नाही, नुसत्या याच्यासाठी सबस्क्रिप्शन घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि गोळ्या शून्य असलेला अवतारही आहे! अर्कनॉइड व्हर्सेस स्पेस इनव्हेडर्स, २०१७, आधी मोबाइलवर. इथे तुम्ही मारतच नाही, शत्रूच्याच गोळ्या पट्टीने परत उडवायच्या, त्याने त्यांना मारायचं, आणि सतत घड्याळ चालू. वाचताना येडपट वाटतं पण हे फार डोकं लावून केलंय. ब्रेकआउटवरून जन्मलेला गेम परत फिरून चेंडू-पट्टीकडे आला, वर्तुळ पूर्ण. बायकोला गेम्सचा कंटाळा आहे पण हा एक तिने माझ्या हातातून काढून घेतला होता.

गेट इव्हन नावाचा एक होता, त्यात आपणच परग्रहवासी आणि माणसांवर हल्ला. निन्टेंडोच्या वी (Wii) कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात मिळायचा, ते दुकान २०१९ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता घ्यायची सोय नाही.

मग आज घ्यायचं काय? इथे नीट लक्ष द्या कारण नावांचा घोळ आहे. फॉरेव्हर नावाचा जो संच निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर मिळतो त्यात तीन गेम आहेत, एक्स्ट्रीम, गिगामॅक्स ४ एसई आणि अर्कनॉइडवाला. मूळ १९७८ चा गेम त्यात नाहीये! स्पेस इनव्हेडर्स फॉरेव्हर नाव द्यायचं आणि स्पेस इनव्हेडर्सच ठेवायचा नाही, कमाल आहे. मूळ काळा-पांढरा, रंगीत, पार्ट टू, मॅजेस्टिक ट्वेल्व्ह, डीएक्स हे सगळं पाहिजे असेल तर स्विचवरचं इन्व्हिन्सिबल कलेक्शन बघावं लागतं, जे बरंच महाग पडतं. गिगामॅक्स दोन्हीकडे आहे आणि घरात चार कंट्रोलर असतील तर तोच सगळ्यात जास्त वाजेल, भलीमोठी आडवी फौज, चौघं शेजारी शेजारी, कोण कुणाचा नेम पळवतोय यावरून भांडणं. एकट्याने खेळायला त्यात काही दम नाही.

माझा सल्ला, पीसी असेल तर स्टीमवर एक्स्ट्रीम सेलमध्ये घ्या. स्विच असेल आणि भावंडं, मुलं असा गोतावळा असेल तर फॉरेव्हर. इन्व्हिन्सिबल फक्त माझ्यासारख्या वेड्यांसाठी. आणि तैतोचं एग्रेट टू मिनी म्हणून छोटं आर्केड मशीन २०२२ मध्ये आलंय, त्याची स्क्रीन हाताने फिरवून उभी करता येते, हे मला सगळ्यात पटलं कारण हा गेम मुळात उभ्या स्क्रीनचाच आहे, आडव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मध्ये चिंचोळी पट्टी असं दिसतं. पण ते बाहेरून मागवावं लागतं, कस्टम्सचा खर्च धरा, मी अजून मन घट्ट करून बसलोय.

टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते आणि जिथे गोळीच एक आहे तिथे एवढा उशीर चालत नाही. वायरलेस कंट्रोलरपेक्षा वायरवाला बरा. आणि फोनवरच्या फुकट नकला, ज्यात दर दोन मिनिटांनी जाहिरात येते, त्या काढून टाका. त्यातल्या बहुतेकांमध्ये फौज किती उरली तरी एकाच वेगाने चालते, एवढंसुद्धा बघितलेलं नसतं करणाऱ्यांनी.

फ्रेन्झी राहिलं. २०१७ चं, रॉ थ्रिल्सने बनवलेलं, मोठमोठ्या एलइडी दिव्यांची भिंत आणि समोर दोघांसाठी बसवलेल्या बंदुका. गेम झोनमध्ये दिसलं तर एकदा खेळा, विशेषतः लहान मुलं बरोबर असतील तर, कारण शिकवावं काही लागत नाही, धरायचं आणि झाडत सुटायचं. चार वर्षांचं पोरसुद्धा तिकिटं जिंकतं. माझा भाचा तिथून हलायला तयार नव्हता, मला दुसऱ्या मिनिटाला कंटाळा आला.